दारावरचा चौकोन

चित्राचा चकचकीत पापुद्रा एका ओढीत हातात आला आणि खालचा पांढरा कागद दारालाच चिकटून राहिला. जयराम पवार क्षणभर तसाच उभा राहिला. देवीचे अठरा हात, शेंदरी अंग, मोठे डोळे, सगळं त्याच्या बोटांत उलटं लोंबत होतं आणि दारावर त्याच मापाचा, वीतभर उंचीचा एक आंधळा चौकोन उरला होता. असं होईल हे त्याच्या हिशेबात नव्हतं. कोपऱ्यात नख घालायचं, कागद दाराशी जवळजवळ समांतर धरायचा आणि सावकाश, एका संथ वेगानं ओढत राहायचं, की गोंदासकट सगळं येतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवरची लेबलं त्यानं अशीच शेकड्यानं काढली होती. हातातला पापुद्रा कुठं ठेवावा ते त्याला कळेना. केराच्या टोपलीपाशी दोनदा गेला आणि दोनदा परत आला. शेवटी टेबलावरचं जाडजूड रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून त्यानं तो मधल्या पानांत सपाट करून ठेवला आणि पुस्तक मिटल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. ज्याला आपण मानत नाही ते आपल्याला टाकता का येऊ नये?

वैशाखातला रविवार होता, दुपारचा सव्वा वाजला होता. आईची सटाण्याची एसटी चारला नाशिकच्या सीबीएस स्टँडवर येणार होती. आदल्या संध्याकाळी कॉलेजातून येताना घरमालकीण मालनबाईंनी त्याच्या हातात पोस्टकार्ड दिलं होतं, धाकट्या बहिणीच्या तिरक्या अक्षरातलं. आई पौर्णिमेला तुझ्याकडे येते म्हणते, रविवारी निघते आहे, तू नाही म्हणू नको, दोन वर्षं झाली. दोन वर्षं खरंच झाली होती. पहिल्या वर्षी त्यानं पाण्याचे हाल सांगितले होते, मग परीक्षा, मग खोलीला रंग द्यायचाय असं काहीतरी. आणि दर सुट्टीत स्वतःच गावी जाऊन तो तो सवाल पुढं ढकलत आला होता. आता मात्र कार्ड उशिरा पोचलं होतं आणि उलटी तार करायलाही सवड नव्हती. रात्रभर त्यानं एवढंच ठरवलं होतं की चार-पाच दिवस दार मोकळं दिसलं पाहिजे. कडा सुटल्या होत्या, फाटलं, असं मालनबाईंना सांगायचं. आई गेली की वणीला जाणाऱ्या कुणाकडून तरी दुसरं चित्र मागवायचं आणि त्याच जागी लावायचं. बेत साधा होता. घाणेरडा होता हेही त्याला कळत होतं, पण साधा होता, आणि साध्या बेतात चुका कमी होतात असं तो मुलांना प्रात्यक्षिकाच्या तासाला नेहमी सांगत असे.

त्यानं दोन्ही खिडक्या उघडल्या. स्टोव्ह बाहेर ओट्याच्या टोकाला नेऊन ठेवला, काड्यापेटी फळीवर उंच. बशीत थोडं रॉकेल घेतलं आणि कापसाचा बोळा बुडवून आधी दाराच्या मागच्या बाजूला, अगदी खाली, बिजागरीजवळ, कुणाला दिसणार नाही अशा जागी टेकवला. पाच मिनिटं थांबला. पॉलिशला काही झालं नाही. मग दुसरा बोळा चौकोनावर दाबून धरला. कागदानं रॉकेल शोषून घेतलं, पांढरा होता तो करडा, पारदर्शक झाला आणि त्यातून लाकडाच्या रेषा दिसायला लागल्या. गोंद म्हणजे काय, रबराचाच प्रकार. रॉकेलमध्ये तो फुगतो, फुगला की धरून ठेवत नाही. घाई केली की फसतं. खरवडायचं तर पात्यानं नाही, जुन्या पोस्टकार्डाच्या कडेनं, नाहीतर लाकडावर ओरखडे उठतात. त्यानं घड्याळ लावून वीस मिनिटं वाट पाहिली आणि खिशातलं कार्ड काढलं तेव्हा ते कालचंच, बहिणीच्या अक्षरातलं निघालं. ते त्यानं परत ठेवलं आणि एक जुनं शोधून आणलं. कागद लगद्यासारखा गोळा होऊन आला. खाली पिवळसर चिकट थर राहिला. तोही बोटाखाली वळ्या होऊन निघत गेला. नंतर मात्र काहीतरी असं उरलं की जे निघेना. बोटाला लागत होतं, नखाला लागत नव्हतं. उजेडाला तिरकं पाहिलं की सबंध चौकोन आपल्या चारी कोपऱ्यांसकट फिका, मळकट, दाराच्या तांबूस तकाकीत बुजलेल्या डोळ्यासारखा दिसत होता.

तिसरा बोळा फिरवताना त्याला कारण कळलं. कळल्यावर तो ओट्यावर बसला. ऐंशीच्या जूनमध्ये तो इथं राहायला आला, त्याच दिवशी मालनबाई चित्र घेऊन आल्या होत्या. नाशिक रोडला जेल रोडच्या अंगाला त्यांचं स्वतःचं घर, मागं तीन खोल्या भाड्याच्या, अंगणात एक नळ, एक पपई. नवरा छापखान्यातून निवृत्त होऊन वारलेला. दर चैत्रात वणीला गडावर जायचं आणि येताना प्रत्येक बिऱ्हाडाच्या दारासाठी देवीचं चित्र आणायचं हा त्यांचा नेम. "लावा सर, दाराला. रिकामं दार बरं दिसत नाय," असं म्हणून त्या समोर उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी त्याला जात विचारली नव्हती. गाव विचारलं होतं, आडनाव विचारलं होतं, पवार म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला होता, "आमच्या माहेरच्यांत बी पवार हायेत" असं त्या म्हणाल्या होत्या आणि तो गप्प बसला होता. जयराम हे नाव आजीनं ठेवलेलं, वस्तीनं धर्म बदलायच्या आधीचं. धाकट्या बहिणीचं नाव तसं नव्हतं. तिचं नाव ऐकलं असतं तर एका शब्दात सगळं कळलं असतं. तो खोटं बोलला नव्हता. त्यानं फक्त चित्र हातात घेतलं आणि मग, बाई बघत होत्या म्हणून, किंवा कोणतंही काम धड केल्याशिवाय चैन पडत नाही म्हणून, पेटीतली स्पिरिटची बाटली काढून आधी दार पुसलं. पृष्ठभाग तेलकट असेल तर गोंद धरत नाही. "बघा, सरांचं काम कसं असतंय," मालनबाई कौतुकानं म्हणाल्या होत्या. आणि तेच नडलं होतं. दाराला लाखेचं पॉलिश होतं. लाख रॉकेलला दाद देत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. त्या दिवशी ती वरच्या वर मऊ झाली, ती वाळायच्या आत त्यानं चित्र तळहातानं दाबून बसवलं आणि गोंद पॉलिशमध्ये रुतला. दोन वर्षांच्या उन्हानं दोन्ही एकजीव झाले. आता गोंद काढायचा तर पॉलिशच काढावं लागणार होतं, आणि पॉलिश काढलं तर चौकोन आणखी पांढरा होऊन रस्त्यावरूनही दिसला असता. इतर बिऱ्हाडांची चित्रं कडेनं सुटत होती, वाऱ्यानं फडफडत होती. त्याचं एकट्याचं जिथल्या तिथं होतं.

रॉकेलच्या वासानं डोकं जड झालं होतं. तो अंगणात नळापाशी गेला, हात साबणानं धुतले, तोंडावर पाणी मारलं. नळाला पातळ धार होती. या नळापाशी उभं राहिलं की त्याला कोंडाजी साळवे आठवायचा, आणि आठवू नये म्हणून तो सहसा पहाटेच, घाईनं पाणी भरायचा. गेल्या वर्षी मधली खोली रिकामी झाली तेव्हा तो माणूस बायकोला घेऊन आला होता. पांढरा स्वच्छ सदरा, सरकारी नोकरी, हातात बदलीचा कागद. जयराम तेव्हा मालनबाईंच्या ओसरीवर चहा पीत होता. बाईंनी त्यांना पाटावर बसवलं, पाणी द्यायला उठल्या, आणि उठता उठता नाव विचारलं. मग पाण्याचा तांब्या घेऊन आत गेल्या त्या बाहेर आल्या तेव्हा हात रिकामे होते. "कालच लागली हो खोली," त्या अगदी हळहळून म्हणाल्या. कोंडाजीनं समोरच्या उघड्या, रिकाम्या खोलीकडं पाहिलं, मग जयरामकडं. त्या नजरेत विनंती नव्हती, रागही नव्हता; बाजारात भाव विचारून पुढं जाणाऱ्या माणसासारखी ती होती. बायकोनं पदर सारखा केला आणि दोघं निघाली. फाटक लागल्यावर मालनबाई म्हणाल्या, "तशी माणसं वाईट नसत्यात सर, पण नळ एकच हाय ना आपला." जयरामनं मान हलवली होती. नुसती हलवली, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. कपात दोन घोट उरले होते, ते त्यानं संपवले. खोली पुढं चार महिने रिकामी होती.

उन्हानं अंगण पांढरं पडलं होतं. पपईच्या बुंध्यापाशी उभं राहून तो दाराकडं लांबून पाहत होता. लांबून चौकोन दिसत होता का? दिसत होता, कारण तिथं आहे हे माहीत होतं. आईला दिसेल का? आईला दिसेल. डाग पाहायची तिची नजर वेगळीच होती. तो पाच वर्षांचा असेल. बाप मालेगावला यंत्रमागावर कामाला होता आणि गावात आईनं एकटीनं देवळी रिकामी केली होती. टाक, सुपारी, शेंदराचा दगड, सगळं टोपलीत घालून वर जुनं फडकं झाकून ती आरम नदीवर गेली आणि डोहात हात लांब करून एकेक सोडून आली. मग देवळी. पिढ्यांचं तेल आणि शेंदूर तिथं भिंतीवर बोटभर जाडीनं थापला होता. तिनं राख लावली, गरम पाणी ओतलं, नारळाच्या शेंडीनं घासलं, शेवटी विळ्याच्या टोकानं. तीन दिवस. ओघळ तांबडे यायचे, तिचे हात कोपरापर्यंत तांबडे व्हायचे आणि तो त्या हातांना भ्यायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं पांढऱ्या मातीचा हात फिरवला आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवला, पण पावसाळ्यात ओल आली की मातीतून तांबडं पुन्हा वर यायचं आणि ती पुन्हा मातीचा हात फिरवायची, न बोलता, दर पावसाळ्यात. त्याच वर्षी गावातले चार जण कागद घेऊन दारात आले होते. गावकीची जुनी कामं पुन्हा करू, मेलेली ढोरं ओढू, असं लिहिलेला. बाकीच्या घरांतून अंगठे उठले होते. आई अडाणी; तिनं कागद वाचायला कुणाला मागितलाही नाही. दोन्ही हात पदराखाली घेतले आणि उंबऱ्यात उभी राहिली. शाईचा डबा घेऊन आलेला माणूस बराच वेळ थांबला होता. पुढं गावानं विहीर बंद केली आणि दीड वर्ष ती नदीवरून पाणी आणायची. ती गोष्ट तिनं कधी सांगितली नाही. जयरामनं पाहिली होती म्हणून त्याला माहीत.

"अगं आई गं, काय हे सर?" मालनबाई ओसरीवरून बघत होत्या. दुपारची झोप मोडून आल्या होत्या, पदर कमरेला, चष्मा कपाळावर. "भर उन्हाचं दार धुताय होय? आणि देवी कुठंय?"

"कडा सुटल्या होत्या, मावशी. काढायला गेलो तर फाटलं."

"तुमचं सुटलं? कमाल हाय. त्या पलीकडच्या बिऱ्हाडाचं सुटलं तर नवल नाय, त्यांनी उष्ट्या भातानं चिकटवलंय." त्या गुडघ्यावर हात ठेवत आल्या आणि चष्मा खाली ओढून दाराला नाक लावलं. "रॉकेल? शिकलेल्या माणसाला कुणी सांगावं. आमच्या दिराची फटफटी होती, तिच्या टाकीवर असंच काय काय चिकटवायचा नि मग काढायला आम्ही. खोबरेल लावायचं, सर. ऊन करून. आणि मग अंगठ्यानं रगडायचं. बोटानं नाय. अंगठ्यात जोर असतो."

तो नको नको म्हणेपर्यंत त्या घरात जाऊन वाटीत कोमट तेल घेऊन आल्या, आणि त्याच्या हातातला बोळा काढून घेऊन स्वतःच रगडायला लागल्या. बांगड्या वाजत होत्या. तेल बोटांमधून मनगटावर उतरत होतं. जयराम बाजूला उभा राहून पाहत होता. हीच बाई त्याला ताप आला तेव्हा तीन दिवस पेज करून आणत होती. तिच्या आजारपणात त्यानं तिला दवाखान्यात नेलं होतं, तिच्या ताटाशेजारी बसून जेवला होता. ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

"आई येणारेत ना आज? येऊ द्या, सांगतेच त्यांना. म्हणावं, पोराचं लग्न करा, रविवारी दारं पुसत बसतंय." त्या हसल्या. "झालं बघा. जरासं फिकं राहिलं, ते काय जायाचं नाय. पण काळजी कशाला? थांबा."

"मावशी, कशाला—"

"थांबा म्हणते ना. गेल्या साली गुडघ्यानं जाऊ दिलं नाय, औंदा गेले होते चैत्रात. तुमचं चांगलं होतं म्हणून दिलं नव्हतं." त्या पुन्हा घरात गेल्या आणि नवं चित्र घेऊन आल्या, आधीच्यापेक्षा थोडं मोठं, सोनेरी काठाचं, मागं तेलकट कागद असलेलं. "आत्ता लावू नका. आई आल्या की त्यांच्या हातानं लावू. पोराच्या घराला आईचा हात लागला पायजे."

सांगायचं असेल तर आत्ता, असं त्याच्या मनात स्पष्ट, छापल्यासारखं उमटलं. वाक्य तयार होतं. दोन वर्षं तयार होतं. मावशी, आम्ही बौद्ध आहोत. चार शब्द. त्यानं ओठ ओले केले. जिभेला रॉकेलची चव लागली. चार शब्द बोललं की ही बाई ओरडणार नाही, हे त्याला ठाऊक होतं; ती फक्त तेलाचे हात पदराला पुसेल आणि हळहळून काहीतरी म्हणेल, कुणी पुतण्या राहायला येतोय असं. मग पुन्हा आडनावं विचारत दारोदार. इथं येण्याआधी, त्या उन्हाळ्यात त्यानं अकरा खोल्या पाहिल्या होत्या. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

आई फाटकात उभी होती. डोक्यावर गाठोडं, हातात त्यानंच पाठवलेलं जुनं पोस्टकार्ड, त्याचा पत्ता लिहिलेली बाजू वर करून धरलेलं. आधीची गाडी मिळाली, सीबीएसवरून शहर बस धरली, कार्ड दाखवत दाखवत आले, असं ती म्हणाली. पायांवर धूळ होती. तो पुढं झाला, गाठोडं उतरवून घेतलं आणि हाताला त्याच्यातली चौकट लागली. लाकडी, टोकदार कोपऱ्याची, लुगड्याच्या दोन घड्यांत गुंडाळलेली. काय आहे ते त्याला विचारावं लागलं नाही. बुद्धपौर्णिमेला ती दुसरं काय आणणार?

"रॉकेलना वास ई ऱ्हायना," आई म्हणाली. मग तिनं दार पाहिलं. फिका चौकोन, तेलानं चकाकणारा. खाली बशी, कापसाचे सात-आठ काळे बोळे, लगदा झालेला कागद. ती एकेक पाहत गेली, घाईनं नाही. त्याला वाटलं, आता ती मान वर करेल. तिनं केली नाही. "हाई काय करी ऱ्हायना, जया?"

"दार पुसतायत तुमचे सर," मालनबाई मधेच बोलल्या. "या ताई, टेका. पायावर पाणी घ्या. कुठून, सटाण्याहून का आणखी आतून?"

"सटाण्याकडूनच," आई म्हणाली. परक्या माणसाशी बोलताना ती अहिराणी सोडून जपून, एकेक शब्द बोलायची. "आतलं गाव हाय."

"जावयाचं गाव त्याच अंगाला हाय आमच्या. बरं का ताई, पोरगं लाखात एक हाय तुमचं. कधी आवाज नाय, कधी कुणाचं उणं नाय. दोन वर्षांत एकदा बी मला नळावर कुणाशी भांडण ऐकू आलं नाय." मालनबाईंनी आईच्या हाताला धरून तिला ओट्यावर आणलं, हात धरून आणलं, आणि दुसऱ्या हातातलं चित्र तिच्यापुढं केलं. "हे घ्या. वणीवरनं आणलंय. तुमच्याच हातानं लावा."

आईनं चित्र हातात घेतलं. दोन्ही हातांनी, सावध, जसं ती कुणाचंही काहीही घेत असे. जयरामला तिच्या नखांमधली बागेतली काळी माती दिसत होती. त्या हातांनी एकदा हेच, किंवा असंच काही, डोहात सोडलं होतं. तिनं चित्राकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, चौकोनाच्या चारी बाजूंवरून तिची नजर फिरली आणि तिला सगळं कळलं. तो इथं कोण होऊन राहतोय, आणि तिच्यासाठी आज दुपारी काय चाललं होतं, दोन्ही. मग तिनं त्याच्याकडं वळून पाहिलं.

"जया," ती म्हणाली, "लावू का?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. लहानपणी ती तापात त्याला असंच विचारायची, पट्टी ठेवू का, दिवा लावू का. ती खरंच विचारत होती. नको म्हणाला असता तर तिनं चित्र परत दिलं असतं आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन उंबऱ्यात उभी राहिली असती. हे तो जितक्या खात्रीनं जाणत होता तितक्या खात्रीनं त्याला दुसरं काहीच ठाऊक नव्हतं. नळाची धार पत्र्याच्या बादलीत पडत होती. मालनबाई हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या होत्या.

"लाव," तो म्हणाला.

आईनं मागचा तेलकट कागद सोलला, चित्र चौकोनावर धरलं आणि टेकवलं. हात काढल्याबरोबर ते सरकलं, एका कोपऱ्यावर लोंबलं आणि तिच्या पायाशी पडलं. तिनं उचलून पुन्हा टेकवलं. पुन्हा सरकलं. "तेल राहिलंय," मालनबाई म्हणाल्या. "सर, तुमचं ते औषध आणा की. त्या दिवशी लावलं होतं ते."

तो आत गेला. बाटली पेटीतच होती, जिथं असते तिथं. पुसलं नाही तर चित्र धरणार नाही, आज नाही, कधीच नाही. एवढं करायचं नाही, बस्स. बाटली संपली म्हणायचं. त्यानं ती उजेडाला धरली. अर्धी भरलेली होती. बाहेर मालनबाई आईला काहीतरी सांगत होत्या आणि आई हूं हूं करत होती. तो बाहेर आला. स्वच्छ कापूस घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि वरून खाली, एकाच दिशेनं, पुसायला लागला. दरवेळी नवा कापूस. तेल निघालं, त्याबरोबर पॉलिशही निघालं, कापूस तांबूस होत गेला. तांबडे ओघळ त्याच्या मनगटापर्यंत आले. आई ते ओघळ पाहत होती. त्यानं पुढचा कापूस घेतला.

"तुले चांगलं जमस हाई," आई हळू म्हणाली.

तिनं चित्र बसवलं. या वेळी ते जिथं टेकलं तिथंच राहिलं. मालनबाई म्हणाल्या, "अंगठ्यानं दाबा, ताई," आणि आईनं अंगठा टेकवून चारी कोपरे एकेक दाबले.

चहा तिनं घेतला, चांगल्या कपातून. गाठोडं सोडलं नाही. ते सबंध वेळ तिच्या मांडीशी होतं आणि तिचा एक हात त्याच्यावर होता. कप विसळून ठेवला आणि उभी राहिली. "शेळीना दिवस भरेल शेत. आजच जानं पडी माले." व्यायला आलेली शेळी गावी होती की नव्हती, त्यानं विचारलं नाही. मालनबाईंनी आग्रह केला, रागावल्या, शेवटी ओटी भरायला तांदूळ आणले. आईनं पदर पसरून तेही घेतले. सीबीएसवर सटाण्याची गाडी उभीच होती. खिडकीशी जागा मिळाली. तो खाली उभा राहून काहीतरी बोलायचं म्हणून पाण्याचं, बहिणीच्या शाळेचं बोलला. गाडी सुरू झाली तेव्हा ती म्हणाली, "खोली चांगली शे. हवा येस." आणि गाठोडं मांडीवर घट्ट धरून पुढं बघायला लागली.

तो परतला तेव्हा ऊन उतरलं होतं, तिरकं होऊन सरळ दारावर पडलं होतं. सवयीनं त्यानं चारी कोपऱ्यांत नख घालून पाहिलं. एकही सुटत नव्हता. मधे हवेचा बुडबुडा नव्हता, काठ दाराच्या कडेला समांतर होता. काम चोख झालं होतं. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात, सोनेरी काठावर, तेलाचा एक ठसा उमटला होता, अंगठ्याचा, रेषान् रेषा मोजता येतील इतका साफ. कोरड्या फडक्याचा एक हात फिरवला असता तरी तो गेला असता. त्यानं आतून फडकं आणलं. ते हातात घेऊन तो दारासमोर उभा राहिला, आणि ऊन दारावरून निघून गेलं तरी तसाच उभा होता.